पाव मेंढीचा रेडिओ

अल्माटीतल्या त्या पाचमजली इमारतीच्या आवारात हिवाळा लागता लागता गाड्या उघडेनाशा झाल्या. म्हणजे किल्ली घालून उघडत होत्या, पण किल्ली घातली की गाडीला चोर आल्यासारखं वाटे आणि ती बोंब ठोकत असे. रिमोटचं बटण मात्र कितीही दाबा, ढिम्म. सुरुवातीला ज्याला त्याला आपलाच सेल गेला असं वाटलं. कोपऱ्यावरच्या दुकानातले सेल संपले. मग कोणीतरी शोध लावला की रिमोट हनुवटीला टेकवून बटण दाबलं तर लहर लांब जाते. झालं! तेव्हापासून रोज संध्याकाळी आवारात चांगली पोक्त, टोपी घातलेली, हातात कांद्याबटाट्याची पिशवी असलेली माणसं हनुवटीला रिमोट टेकवून आपापल्या गाडीकडे टक लावून उभी दिसू लागली. नवखा माणूस पाहुणा आला तर त्याला वाटायचं, इथे सगळ्यांची दाढ एकदमच दुखते आहे.

गंमत अशी की सकाळी सगळं सुरळीत असे. ही पीडा फक्त संध्याकाळी आणि रविवारी.

हिवाळा सरताच त्यावर इमारतीच्या समितीच्या अध्यक्षा रौशान आपा यांनी बाकांजवळ सभा बोलावली. आपा पूर्वी पावाच्या कारखान्यात पाळीप्रमुख होत्या आणि तिथल्या यंत्रांच्या वर चढवलेला आवाज त्यांनी निवृत्त झाल्यावरही खाली उतरवला नव्हता.

"संध्याकाळी आणि रविवारी कोण काय करतं ते मी बघितलंय," आपा म्हणाल्या. "छतावर त्या तारा कोणाच्या? गेन्नादी पावलोविचच्या. संध्याकाळी रेडिओवर कोण बसतं? गेन्नादी पावलोविच. आणखी काय पाहिजे?"

गेन्नादी पावलोविच पाचव्या मजल्यावरचा एकटा म्हातारा. उभं आयुष्य त्याने डोंगरात खनिजं शोधणाऱ्या तुकड्यांबरोबर रेडिओ चालवण्यात घालवलेलं. रोज संध्याकाळी सातला तो आपल्या जुन्या सोबत्यांना हाक मारत असे. एक सेमेयला, एक बार्नाउलला, एक कारागांदीत. पूर्वी खूप होते. बोलायचे काय, तर तिकडे बर्फ किती, गुडघा कसा आहे, आणि आज कोण हजर आहे. तो आत्ता सभेत मागे उभा होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

"माझी लहर वेगळी आहे, तुमच्या किल्ल्यांची वेगळी," तो म्हणाला.

"सगळ्या लहरी हवेतूनच जातात ना? मग!" आपांनी विषय संपवला. "महिन्याने आवारसफाईचा शनिवार आहे, झाडांना चुना लावायचाच आहे. त्याच दिवशी शिडीची गाडी मागवते आणि ती अँटेना उतरवते. मी शब्द दिलाय सगळ्यांना. आम्ही केरेई कुळातली माणसं शब्द मागे घेत नाही."

आणि इथेच ओराझबेक मास्तरांचं तोंड उघडलं. ते बंद राहिलं असतं तर ही गोष्ट झालीच नसती. ओराझबेक बांधकाम विद्यालयात आराखडे काढायला शिकवत असे. विजेशी त्याचा संबंध बटण दाबण्यापुरता. पण त्याला चष्मा होता, कपाळ मोठं होतं, आणि एकदा त्याने जिन्यातला दिवा बदलला होता, त्यामुळे आवारात त्याची शास्त्रज्ञ म्हणून ख्याती होती. ही ख्याती खोडून काढायची संधी त्याला आजवर मिळाली नव्हती, असं तो स्वतःला सांगत असे. शिवाय गेन्नादी पावलोविच त्याचा बुद्धिबळातला जोडीदार. जिंकल्यावर कधी हसत नसे, हा त्याचा मोठा गुण.

"आपा, पुराव्याशिवाय अँटेना कापणं हे बरं नव्हे," मास्तर म्हणाले. "हवेत कुठली लहर कुठून येते हे आज मोजता येतं. मी मोजून दाखवतो."

"तुम्ही?" आपांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "ठीक आहे मास्तर. त्या शनिवारी सकाळी मला नाव सांगा. नाही सांगितलंत, तर अँटेना खाली."

घरी येऊन ओराझबेकने आधी शोधलं की हवेतल्या लहरी मोजतात कशाने. त्या यंत्राला स्पेक्ट्रम अॅनालायझर म्हणतात असं कळलं. मग त्याने किंमत बघितली आणि चष्मा पुसून पुन्हा बघितली.

त्याची बायको कुलाश नारिनकोलकडच्या मेंढपाळांच्या घरातली. गेली तीस वर्षं शहरात राहूनही ती सगळ्या किमती मेंढ्यांत करत असे.

"किती?" तिने विचारलं.

"आख्खा कळप," ओराझबेक म्हणाला. "वर एक घोडा."

"मग शनिवारी आजारी पड."

पण मग त्याला दुसरा मार्ग दिसला. काडीपेटीएवढी एक डबी असते. ती संगणकाच्या यूएसबीला लावायची, डबी लहरी पकडते आणि बाकीचं सगळं काम संगणक करतो. रेडिओच असतो तो, पण आत रेडिओ असा नसतोच. ज्याला रेडिओ म्हणायचं ते संगणकातल्या प्रोग्रॅममध्ये असतं. हे वाक्य ओराझबेकने दोनदा वाचलं आणि चहा मागवला. अशा डब्या पाव मेंढीपासून तीन मेंढ्यांपर्यंत मिळत होत्या. इथपर्यंत त्याला बरं वाटत होतं. यातली कुठली घ्यायची हे विचारायला तो इंटरनेटवर गेला, आणि त्यानंतर आठवडाभर त्याला कशाबद्दलच बरं वाटलं नाही.

एकाने लिहिलं होतं, सगळ्यात स्वस्त घ्या, आठ बिट भरपूर झाले. दुसऱ्याने त्याला उत्तर दिलं होतं की आठ बिटवर समाधान मानणाऱ्याने रेडिओपेक्षा कोंबड्या पाळाव्यात, बारा बिटच्या खाली बघू नये. तिसऱ्याचं म्हणणं, बिटला काय चाटायचंय, स्फटिक थंड-गरम झाल्यावर सरकत नाही ना ते बघा. चौथा म्हणे, धातूचीच डबी घ्या, प्लास्टिकची स्वतःचाच आवाज ऐकते. पाचव्याने बजावलं होतं की बाजारातल्या बहुतेक डब्या नकली आहेत, अस्सल ओळखायची असेल तर स्क्रू मोजा. सहाव्याने लिहिलं होतं की नकली डब्यांचेही स्क्रू आता बरोबर असतात. ओराझबेकने या सगळ्याचा एक सुबक तक्ता आखला, कारण रेघा मारायला लागल्या की त्याला धीर येतो. तक्ता फार छान झाला. त्यावरून काहीच ठरेना.

शेवटी तो पाचव्या मजल्यावर गेला.

"गेन्नादी पावलोविच, बिट म्हणजे नक्की काय? आणि किती लागतात?"

म्हातारा दारातच उभा राहिला. "मी चोर नाही हे सिद्ध करायला मीच दिवा धरू? नाही सांगणार. तुम्हाला मोजायचं तर मोजा." मग दार लावता लावता त्याला राहवलं नाही. "आणि ज्यात आतले काचेचे दिवे तापत नाहीत त्याला रेडिओ म्हणू नका, मला त्रास होतो."

कुलाशचा सल्ला सरळ होता. "सगळ्यात स्वस्त आण. तुला कळणार काहीच नाहीये, मग निदान स्वस्तात तरी."

या एका मताला कोणी खोडलं नाही. ओराझबेक मोठ्या बाजारातून पाव मेंढीची डबी घेऊन आला. टेबलावर कापड घातलं, त्यावर डबी ठेवली, आणि ती उघडणार इतक्यात बेल वाजली. दारात भाचा उभा.

आता या भाच्याबद्दल सांगायला हवं. ओराझबेकची थोरली बहीण झैनेप त्याच इमारतीत तिसऱ्या जिन्याला राहत होती आणि हा मार्लेन तिचा मुलगा. त्याच्या बापाने मार्क्स आणि लेनिन या दोघांना एकाच नावात बसवलं होतं आणि त्या नावाच्या माणसाने पुढे विमा कंपनीत नोकरी धरली. वय सेहेचाळीस, पोट पुढे, गळ्यात टाय. पण भाचा तो भाचा. आणि भाच्याने आईच्या माहेरच्या माणसांकडे एखादी वस्तू मागितली की ती द्यायची, ही रीत ओराझबेकच्या आजोबांच्या आधीपासूनची. भाच्याला नाही म्हणणाऱ्याचे म्हातारपणी हात थरथरतात असं म्हणतात, आणि आराखडे काढणाऱ्या माणसाला तो धोका पत्करता येत नाही. जुन्या काळी म्हणे भाचा आयुष्यात तीनदाच मागत असे. मार्लेनने लहानपणी कुत्र्याचं पिल्लू, मुंजीएवढ्या वयात जर्मन कंपासपेटी आणि लग्नात मेंढीच्या कातड्याचा कोट घेऊन आपला वाटा संपवला होता, पण मोजायचं काम भाच्याकडेच असल्यामुळे तो अजून तीनपर्यंत पोचला नव्हता.

ताजी जखम मागच्या शरदातली. ओराझबेकने हौसेने बिनतारी हेडफोन आणले होते. टीव्हीजवळ एक ठोकळा ठेवायचा, कानावर ते चढवायचे, आणि बायकोची झोप न मोडता फुटबॉल ऐकायचा. एकच सामना ऐकला. दुसऱ्या दिवशी मार्लेन आला, त्याने ते हातात घेतले, आणि "मामा..." म्हणाला. ते कुठे गेले हे ओराझबेकने विचारलं नाही. विचारलं असतं तर रडू आलं असतं.

"मामा," मार्लेन आता म्हणाला. "ही काय भारी डबी आहे रे!"

"काही नाही. रद्दी आहे," ओराझबेक कापडाने ती झाकत म्हणाला.

"रद्दीला असं इस्त्रीचं कापड? दाखव ना. अरे वा, वायर पण आहे. मला आवडली."

"मार्लेन, तुला ठाऊक तरी आहे ही कशाची आहे?"

"नाही. म्हणून तर!" मार्लेनचा चेहरा लहान मुलासारखा उजळला. "तू नंतर सांग. मामा, देतोस ना?"

कुलाश स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून छताकडे बघत होती. ओराझबेकने आपल्या हातांकडे बघितलं. डबी गेली.

दुसरी डबी घ्यायची म्हणजे पुन्हा सगळा विचार करणं आलं, आणि पुन्हा विचार करायला लागल्यावर ओराझबेकला पहिली डबी चुकीचीच होती असं पटलं. माणसाची गेलेली वस्तू चुकीची होती हे पटणं फार उपयोगी असतं. या वेळी त्याने परदेशातून अर्ध्या मेंढीची मागवली, धातूची, न सरकणाऱ्या स्फटिकाची. ती लवकर आली आणि टपालाच्या खिडकीत अडकली.

"यावर रेडिओ लिहिलंय," खिडकीतली बाई म्हणाली. "हा प्रक्षेपण करतो का?"

"नाही. फक्त ऐकतो."

"तसा दाखला आणा."

ओराझबेक दळणवळणाच्या कचेरीत गेला. तिथल्या गृहस्थाने फार सहानुभूतीने ऐकून घेतलं. "हे बघा मास्तर, जे यंत्र प्रक्षेपण करतं त्याला आम्ही परवाना देतो. जे करत नाही त्याला आम्ही काय देणार?"

"प्रक्षेपण करत नाही असं लिहून द्या."

"न करण्याचा परवाना आमच्याकडे नसतो. तुमचं यंत्र थोडं तरी करत असतं तर मी लगेच मदत केली असती."

परत खिडकी. परत कचेरी. तिसऱ्या फेरीला खिडकीतल्या बाईने दया येऊन सांगितलं, "अहो, कोणाचाही आणा. गोल शिक्का पाहिजे."

ओराझबेकच्या ओळखीत गोल शिक्का एकाच व्यक्तीकडे होता. तो मान खाली घालून रौशान आपांकडे गेला. आपांनी शिक्का मुरांब्याच्या बरणीमागून काढला, त्यावर फुंकर मारली, आणि लिहून दिलं की सदर इमारतीतील रहिवासी ओराझबेक हे कोणत्याही प्रकारचे प्रक्षेपण करीत नाहीत व त्यांची वागणूक चांगली आहे.

"शत्रूला मदत करतेय मी," आपा म्हणाल्या. "शनिवार लक्षात आहे ना मास्तर?"

डबी सुटली. ओराझबेकने दाराला आतून कडी घातली, डबी जोडली आणि पडद्यावर एक निळा धबधबा वाहू लागला. त्यात पिवळे ठिपके, मध्येच तांबड्या रेघा. हे सगळं अंगणात, स्वयंपाकघरात, आपल्या डोक्यावर चोवीस तास वाहतंय आणि आपण त्यात बसून नूडल खातो, हे बघून त्याने खिडकी लावून घेतली. पण मधोमध, स्वच्छ, उभा, एक काटा होता. हाच तो, ओराझबेकच्या मनाने घेतलं. याच्याच मागावर जायचं.

अँटेना लोखंडावर उभी करायची असते असं त्या भांडकुदळ मंडळींपैकी कोणीतरी लिहिलं होतं, म्हणून त्याने कुलाशचा समोशांचा ट्रे घेतला. एका हातावर संगणक, दुसऱ्या हातात ट्रे, ट्रेवर अँटेना, असा तो निघाला. पहिल्या जिन्यात काटा होता. दुसऱ्या जिन्यात होता. तळघरात होता, छतावर होता. आवाराबाहेर रस्त्यापलीकडे जाऊन बघितलं, तिथेही मधोमध उभा. बाकावरच्या बायकांनी "मास्तर, गरम आहेत का हो?" असं विचारलं, त्याकडेही त्याने दुर्लक्ष केलं. दोन संध्याकाळी तो त्या काट्याच्या मागे आणि काटा त्याच्या मागे. त्याला सगळ्यांचाच संशय यायला लागला. मुलाच्या पाळण्याजवळ आवाज ऐकण्याचं यंत्र लावलेलं ते तरुण जोडपं, किटली, हवामान खातं.

शेवटी इंटरनेटवर त्याने चित्र पाठवून विचारलं. उत्तर आलं, आणि या एका बाबतीत आठ बिटवाले आणि बारा बिटवाले एकमुखी होते. तो मधला काटा डबीचा स्वतःचाच असतो. सगळ्या स्वस्त डब्यांत असतो. आपण जिथे बघू तिथे मधोमध दिसतो. त्याच्याकडे लक्ष द्यायचं नसतं.

ओराझबेकने ते वाचलं आणि पडदा बंद केला. दोन दिवस आपण आपल्याच डबीचा पाठलाग केला हे कोणालाही सांगायचं नाही, एवढं त्याने ठरवलं.

"निघाला का चोर?" कुलाशने विचारलं.

"जवळ आलोय," तो म्हणाला.

शुक्रवारी संध्याकाळी तो पुन्हा उतरला. या वेळी मधल्या काट्याकडे बघायचंच नाही असा निश्चय होता. किल्ल्यांची लहर चारशे तेहेतीस मेगाहर्ट्झच्या आसपास असते हे त्याला एव्हाना पाठ झालं होतं. तिथे बाजूला एक जाड, लठ्ठ, तांबडी पट्टी पसरली होती. ती चांगली हातपाय ताणून झोपली होती आणि तिच्या अंगाखाली आवारातल्या सगळ्या किल्ल्या गुदमरत होत्या. ओराझबेक पहिल्या जिन्याकडे गेला, पट्टी फिकट झाली. तिसऱ्या जिन्याकडे वळला, गडद झाली. पाचव्या मजल्यावर गेन्नादी पावलोविचच्या दारापाशी ती अगदी क्षीण होती. ओराझबेकला इतका आनंद झाला की ट्रे पडता पडता वाचला. म्हातारा निर्दोष होता, आणि हे आता पडद्यावर दिसत होतं!

मग तो तिसऱ्या जिन्याने चढायला लागला, आणि दुसऱ्या मजल्यावर पट्टी इतकी तांबडी झाली की पडदा भाजेल असं वाटलं. समोर झैनेप ताईचं दार होतं.

त्याने बेल वाजवली. उत्तर नाही. पुन्हा वाजवली, ठोकलं. दार नुसतं लोटलेलं होतं. तो आत गेला. टीव्ही चालू, आवाज शून्य. ताई सोफ्यावर बसली होती, मांडीत वाळलेल्या जर्दाळूंची वाटी. पडद्यावरच्या एका सुनेला ती मोठमोठ्याने सांगत होती, "नको देऊस त्याला, वेडे! खोटं बोलतोय तो!" तिच्या कानांवर ओराझबेकचे हेडफोन होते. टीव्हीजवळ त्यांचा ठोकळा, त्यावर हिरवा दिवा.

ताईचे कान जाऊन दोन वर्षं झाली होती. आधी ती टीव्ही मोठ्याने लावायची, तेव्हा वरखालचे लोक नळ ठोकायचे. मग तिने टीव्हीच सोडला. नवरा गेलेला, मुलगा दिवसभर कामावर, माणसांचं बोलणं कळत नाही म्हणून बाकावरही जाईना. ओराझबेक येई तेव्हा ती नुसती हसून मान हलवायची. पाहुण्यासमोर असलं काही डोक्यावर घालून बसणं तिला बरं दिसत नसे, आणि ती भावालाही पाहुणाच धरत असे, म्हणून त्याला हे आजवर दिसलं नव्हतं. मार्लेनने कशासाठी मागितले होते ते त्याला आत्ता कळलं, आणि शरदापासून मनात जपलेला राग ठेवायला जागा उरली नाही.

ताईने त्याला बघितलं आणि हेडफोन काढायला गेली. "राहू दे, ताई," तो म्हणाला.

"ओराझ! बस, चहा टाकते. अरे, यात श्वास घेतलेला पण ऐकू येतो! मार्लेनने आणले. संध्याकाळच्या मालिका, रविवारच्या मालिका, वेळ कसा जातो कळत नाही बघ. तुझ्या हातात काय ते, समोसे?"

"रिकामा आहे," ओराझबेक म्हणाला.

चहाचे तीन वाडगे त्याने घेतले आणि एकाचीही चव त्याला कळली नाही. उद्या नाव सांगायचं तर हे सांगायचं. मग आवार ताईला काय म्हणेल? हनुवटीला रिमोट टेकवून हिवाळा काढलेली माणसं आहेत ती. ताई पुन्हा कधी टीव्ही लावणार नाही. आणि नाही सांगितलं तर सेमेय, बार्नाउल आणि कारागांदीला उद्या सातला हाक जाणार नाही. बरं, हेडफोन परत मागावेत, तर भाच्याला दिलेली वस्तू मागणाऱ्याला आमच्यात माणूस म्हणत नाहीत.

तो उठला आणि पाचव्या मजल्यावर गेला. "गेन्नादी पावलोविच, लांब तारेचे हेडफोन आहेत का तुमच्याकडे? कशाला ते विचारू नका."

 म्हातारा आत गेला आणि रणगाड्यातल्या शिपायाची, कानांवर जाड गाद्या असलेली काळी टोपी घेऊन आला. तिला त्याने स्वतः जोडलेली दोरीएवढी लांब तार होती. "माझ्याकडे हा एकच आहे," तो म्हणाला. "आज सातला मी गप्प बसतो. उद्यापासून तसंही बसायचंच आहे."

ताईला टोपी आवडली. यात सुनेच्या सासूचे दात वाजलेलेही ऐकू येतात म्हणाली. ठोकळ्याचा हिरवा दिवा ओराझबेकने स्वतःच्या हाताने विझवला आणि ताईने हेडफोन कपाटात पांघरुणांखाली ठेवून दिले. खिडकीतून खाली बघतो तर आवारात एकामागून एक गाड्या चिवचिवत उघडत होत्या.

शनिवारी सकाळी सगळं आवार चुन्याच्या बादल्या घेऊन खाली उतरलं होतं. सफरचंदाच्या झाडांना पांढरे मोजे चढत होते. शिडीची गाडी आली होती आणि चालक सूर्यफुलाच्या बिया खात बसला होता. गेन्नादी पावलोविच आपला चांगला कोट घालून आला होता, जसा माणूस कोणाला पोचवायला जातो. ओराझबेकच्या खिशात डबी होती आणि मनात एक भाषण होतं.

"आपा, गुन्हेगार सापडला आणि दूरही झाला," त्याने सुरुवात केली. "काल संध्याकाळपासून सगळ्या गाड्या उघडताहेत. उघडताहेत ना?"

"उघडताहेत!" लोक म्हणाले.

"हो का?" रौशान आपा म्हाताऱ्याकडे वळल्या. "गेन्नादी पावलोविच, काल संध्याकाळी रेडिओवर होतात?"

"नव्हतो," म्हातारा म्हणाला. त्याला खोटं बोलता येत नसे.

"बघा! हा गप्प बसला आणि गाड्या उघडल्या. मास्तर, आभारी आहे. तुम्हीच सिद्ध केलंत."

 आपण केलेली मदत म्हाताऱ्याच्याच गळ्यात जाऊन पडेल हे ओराझबेकच्या कुठल्याच तक्त्यात नव्हतं.

"नाही! तो नव्हे! दुसराच... दुसरंच एक यंत्र होतं."

"कोणाचं?"

वर दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत ताई उभी होती. गर्दी कशाची म्हणून बघत होती आणि त्याला बघून तिने हात हलवला. डोक्यावर काळी टोपी होती.

"ते मला सांगता येत नाही," ओराझबेक म्हणाला.

आवारात कोणीतरी फिसकन हसलं. "मग मला अँटेना उतरवता येते," आपा म्हणाल्या आणि चालकाला हात केला. "आम्ही केरेई शब्द दिला म्हणजे दिला."

चालकाने बियांची टरफलं झटकली. शिडी वर सरकायला लागली. गेन्नादी पावलोविचने टोपी काढली. आणि हातात चुन्याचा कुंचला घेऊन उभ्या राहिलेल्या मार्लेनकडे, त्याच्या त्या सुखी, मागत्या चेहऱ्याकडे ओराझबेकचं लक्ष गेलं, आणि त्याच्या डोक्यात काहीतरी लखकन उजळलं.

"आपा! थांबा! तुम्ही केरेई?"

"दोनदा सांगितलं."

"माझी आई केरेई होती. जार्केंतकडची."

शिडी थांबली. चालक थांबला. आपांच्या चेहऱ्यावरचा रंग थोडा उतरला, कारण पुढे काय येणार हे त्यांना ओराझबेकच्याही आधी कळलं.

"म्हणजे सगळं केरेई कुळ माझ्या आईचं माहेर, आणि मी तुमचा भाचा लागतो," ओराझबेक म्हणाला. "आणि मला ती अँटेना हवी आहे."

 कुंचल्यावरून चुना ठिबकत होता तेवढाच आवाज.

"पंचावन्न-छप्पन्नचा घोडा, आणि म्हणे भाचा!" आपा म्हणाल्या, पण आवाज कारखान्याच्या यंत्रांखाली गेला होता.

"माझा सेहेचाळीसचा आहे, मी कधी तक्रार केली?"

"आपा, द्यायला लागतंय," चालक शिडीवरून म्हणाला. "माझ्या आजोबांनी नाही म्हटलं होतं. वाडगा धरता येत नव्हता शेवटी."

आपांनी आपले दोन्ही हात समोर धरून बघितले, उलटे केले, पुन्हा बघितले. मग त्यांनी ओराझबेकला जवळ ओढला आणि त्याच्या त्या मोठ्या कपाळावर चुन्याने भरलेल्या हाताने एक चापट मारली.

"केरेई केरेई करत मीच माझ्या जाळ्यात अडकले रे. घे भाच्या, घे. तारा तुझ्या, खांब तुझा. मी दिला. कोणी हात लावायचा नाही." आणि खालच्या आवाजात, "खरं सांग, कोण होतं?"

"मावशी, भाचा मागतो. त्याच्याकडे कोणी काही मागत नाही, नावसुद्धा."

"लबाडा," आपा म्हणाल्या. त्या सकाळपर्यंत त्याला अहो-जाहो करत होत्या.

गेन्नादी पावलोविचने टोपी पुन्हा घातली. तो ओराझबेकपाशी आला आणि म्हणाला, "भाडं किती घ्याल?"

"रोज सातला हजेरी," ओराझबेक म्हणाला आणि त्याने चष्मा पुसायला घेतला.

तेवढ्यात पाठीवर हात पडला. मार्लेन होता. त्याने कुंचला बादलीत ठेवला होता आणि मान मागे टाकून तो छताकडे बघत होता. उन्हात तारा चकाकत होत्या. त्याच्या चेहऱ्यावर तो जुना उजेड पसरायला लागला होता.

"मामा," तो म्हणाला, "म्हणजे ती अँटेना आता तुझी झाली ना..."

ओराझबेकने खिशात हात घातला आणि अर्ध्या मेंढीची धातूची डबी, न सरकणाऱ्या स्फटिकासकट, त्याच्या तळहातावर ठेवून वर बोटं मिटली.

"पण ही मी मागितलीच नाही," मार्लेन चकित होऊन म्हणाला.

"म्हणून तर," ओराझबेक म्हणाला. "घे, घरी जा, आणि वर बघू नकोस."